वास गेला का, आत्या?

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून करणार होते, पण कंबर धरली आहे. का धरली ते खाली येतंच आहे.

मला काम मिळालं! खरंखुरं. आजवर माझा सजावटीचा उद्योग म्हणजे मैत्रिणींना "हा पडदा नको, तो घे" सांगणं आणि वर त्यांचाच चहा पिऊन येणं. आता एका डॉक्टरबाईंनी नव्या दवाखान्यातली बसायची खोली माझ्यावर सोपवली आहे. म्हणाल्या, "माझ्या पेशंटना दवाखान्यात आल्यासारखं वाटू नये. कुणाच्या तरी घरच्या बैठकीत बसल्यासारखं वाटावं. वस्तू जुन्या असल्या तरी चालतील, देखण्या हव्यात."

मी म्हटलं, जुन्या वस्तू? माझ्या हातचा मळ! आणि त्याच आठवड्यात इथला पत्त्यांचा क्लब बंद झाला. आतलं सगळं विकायला निघालं होतं. मी टेम्पो भरून आणलं. तळ्यावर पाणी पिणाऱ्या हरणांचा भिंतीवरचा भलामोठा लोकरी गालिचा, कोरीव चौकटीचा आरसा, लंबकाचं घड्याळ, चिनी मातीचे दोन पिवळसर हंस, कापडी शेडचे दिवे आणि संध्याकाळच्या समुद्रावरच्या जहाजाचं एक तैलचित्र. क्लबात सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, वारा होता, काही कळलं नाही. घरी आणून दार लावलं आणि कळलं.

आत्या, सिगारेट! त्या क्लबात माणसं वर्षानुवर्षं धुरात बसून पत्ते पिसत होती आणि तो सगळा धूर ह्या वस्तूंनी इमानेइतबारे पोटात साठवून ठेवला आहे. मी गुलाबाचा फवारा मारला. आता गुलाबाच्या बागेत बसून कुणीतरी विडी ओढतंय असं वाटतं. नवरा उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. सासूबाई काही बोलत नाहीत, नुसत्या खोकतात.

आणि खरी गोम अजून सांगितलीच नाही. डॉक्टरबाई छातीच्या आहेत. म्हणजे छातीच्या रोगांच्या! दमेकरी माणसं येणार, आणि मी त्यांना हरणांच्या अंगाचा धूर हुंगवणार. उद्घाटन मार्चच्या पहिल्या शनिवारी आहे.

आपल्या घरातलं नाक तू. नाटक कंपनीच्या कपडेपटात तू नुसता कोट हुंगून तो काल कुणी घातला होता ते सांगायचीस. बाबा म्हणतात, त्यांनी कॉलेजात ओढलेली पहिली सिगारेट तू बंद दारामागून ओळखलीस. फोनवर विचारणार होते, पण फोनवर तू दोन वाक्यांत ठेवून देतेस. तेव्हा सविस्तर लिही आणि मला वाचव.

तुझी,
चिमणी

(कंबर गालिचा उचलताना धरली.)


९ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा.

तुझं हे नाव मी पाखरावरून ठेवलं होतं, धुराड्यावरून नव्हे. आणि तो गुलाबाचा फवारा आधी घराबाहेर फेक. वासावर वास टाकणं म्हणजे मळक्या बनियनवर कडक इस्त्रीचा सदरा. नटांना हे मी तीस वर्षं सांगितलं, आता तुला सांगते. वास झाकायचा नसतो, काढायचा असतो.

गालिचा गच्चीत दोरीवर टाक आणि काठीने बडव. नवऱ्यावरचा राग त्यावर काढ, दोन्ही कामं होतील. मग आडवा पसरून त्यावर खायचा सोडा भुरभुरव, चांगला हाताने चोळ, रात्रभर राहू दे आणि सकाळी झाडून काढ. हे दोन-तीनदा कर. मग गार पाण्यात सौम्य साबण घालून धू. पिळायचा नाही, हरणांच्या माना मोडतील. सावलीत, वाऱ्यावर आडवा वाळव. उन्हाने वास जातो तसा रंगही जातो.

आरशाची चौकट पुढून पुसून गप्प बसू नकोस. वास तोंडावर नसतो, पाठीत असतो. मागचं कोरं लाकूड धूर पितं. व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून, फडकं घट्ट पिळून पूस आणि लगेच कोरड्याने टिप. वाळल्यावर मागच्या बाजूलाही मेणाचा हात दे. घड्याळाच्या पोटात कोळसा फडक्यात बांधून ठेव. दिव्यांच्या शेडचा मोह सोड. कापड फाडून टाक, सांगाडा ठेव, नवं कापड चढव. हंसांना कोमट साबणाच्या पाण्यात आंघोळ.

आता चित्र. त्याला सोडा नको, व्हिनेगर तर मुळीच नको. कापूस काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि एका कोपऱ्यात हलक्या हाताने फिरवून बघायचं. हो, थुंकी. नाक मुरडू नकोस. आमच्या कंपनीचे रंगवलेले पडदे मी असेच साफ करायची. नुसता मळ आला तर पुढे जा, रंग आला तर तिथेच थांब.

मी मजेत आहे. स्वयंपाकघराला नवा रंग काढला आहे, पिस्त्यासारखा हिरवा. सहज, म्हटलं बदल. दादाला सांगू नकोस, नाहीतर ह्या वयात शिडीवर कशाला चढलीस म्हणून तासभर ऐकवेल. शेजारी एक बाई राहायला आल्या आहेत, बासरी शिकवतात. बऱ्या आहेत.

तुझी,
आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू म्हणजे देव आहेस, पण तोंडाळ देव.

गालिचा धुतला. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघालं. सासूबाई बघायला आल्या आणि पदर नाकाला लावून परत गेल्या. दुसरं पाणी फिक्या चहासारखं, तिसरं जवळपास स्वच्छ. वाळल्यावर एक हरीण जरासं फुगलं आहे, पण ते पोटुशी आहे असं मी ठरवलंय.

हंस पिवळसर नव्हतेच! पांढरेशुभ्र आहेत. तो सगळा पिवळेपणा धुराचा. आणि चित्राचं तर विचारूच नकोस. चार दिवस मी त्या समुद्रावर थुंकते आहे. नवरा ऑफिसातून येतो आणि विचारतो, "आज कुठवर थुंकलीस?" काल आभाळ पुरं झालं. आत्या, ती संध्याकाळ नाही, सकाळ आहे! आभाळ निळं, शिडं पांढरी, आणि जहाज बंदरात परत येत नाहीये, बंदरातून निघालंय. जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला मी ते आत बोलावून दाखवलं.

पण आता नवंच संकट. मला वासच कळेनासा झालाय. इतके दिवस त्यात बसून माझं नाक निगरगट्ट झालं. नवरा म्हणतो, गालिच्याला अजून वास आहे. सासूबाई म्हणतात, नाही. त्या दोघांचं एकमत आमच्या लग्नाच्या तारखेवरही झालं नव्हतं, तेव्हा मी कुणाचं धरू?

म्हणून हा तोडगा. गालिच्याच्या मागच्या काठाचा एक तुकडा मी धुण्याआधीच कापून ठेवला होता, आणि दुसरा आता कापला. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत घालून पाठवते आहे. हिरव्या दोऱ्याची पिशवी धुतलेल्या तुकड्याची, लाल दोऱ्याची न धुतलेल्याची. नवऱ्याने बांधून दिल्या. दोन्ही हुंग आणि सांग, वास गेला का? तू हो म्हणालीस तरच मी गालिचा दवाखान्यात टांगणार. नाही म्हणालीस तर भिंत कोरी ठेवणार आणि डॉक्टरबाईंना सांगणार की हरणं आली नाहीत.

बाबा विचारत होते, तू हल्ली फोन का उचलत नाहीस. उचल ना.

तुझी,
चिमणी


२१ फेब्रुवारी

चिमणे,

दोन्ही पिशव्या मिळाल्या.

हिरवी अगदी स्वच्छ. पहाटेच्या हवेसारखी. लाल मात्र उघडली आणि ताबडतोब बाहेर ठेवून आले. काय ती घाण! बासरीवाल्या बाईंनासुद्धा दार लावून घ्यावं लागलं असेल. तेव्हा काळजी सोड आणि गालिचा टांग. काम चोख झालं आहे. शेवटी भाची कुणाची?

जहाजाचं वाचून फार हसले. संध्याकाळ विकत घेऊन सकाळ मिळाली, असा सौदा मला आयुष्यात जमला नाही.

फोनचं म्हणशील तर दादाशी बोलायचं म्हणजे साक्ष द्यायची. काय खाल्लंस, दाराला कडी लावलीस का, गॅस बंद केलास का. बासरीवाल्या बाई दुपारी माझ्याकडेच जेवतात हल्ली. त्या आल्या की मी शेगडी पेटवते. तेवढीच सोबत.

उद्घाटनाला काय नेसणार आहेस ते कळव.

तुझी,
आत्या


२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली. तेव्हा आता सरळच लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मी मोठ्याने वाचून दाखवलं. "हिरवी अगदी स्वच्छ" ह्या वाक्याला नवरा फिसकन हसला. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "रागावणार नसशील तर सांगतो. दोरे मी उलटे बांधले होते." लग्न झाल्यापासून तो तुझ्या नाकाच्या गोष्टी ऐकतो आहे. कोटाची, बाबांच्या सिगारेटची, सगळ्या. त्याला एकदा खरं-खोटं करून बघायचं होतं. जिंकल्यासारखा चेहरा करायला गेला आणि मधेच थांबला. मग त्यानेच हळूच विचारलं, "अगं, पण मग त्यांना काहीच कसं कळलं नाही? न धुतलेल्या तुकड्याचा वास मला पिशवीबाहेरूनसुद्धा येत होता."

मी आधी त्याच्यावर भडकले. दोन घास तसेच टाकून उठले. मग तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली.

स्वयंपाकघराला अचानक नवा रंग. दादाला सांगू नकोस. फोन उचलायचा नाही. आणि शेगडी पेटवायची ती शेजारच्या बाई आल्यावरच.

आत्या, तुला वास येत नाही का?

चुकत असेन तर मला शिव्या दे. भरपूर दे. नवऱ्यालाही दे, तो रांगेत उभा आहे. पण चुकत नसेन तर मला खोटं उत्तर देऊ नकोस. मी बाबांना काहीही सांगितलेलं नाही.

गालिचा अजून घरातच आहे.

तुझी,
चिमणी


२८ फेब्रुवारी

चिमणे,

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुझ्या नवऱ्याने दोन दोऱ्यांत माझं नाक दाबलं. हुशार आहे हो तो. मी उगाच इतकी वर्षं त्याला साधा समजत होते.

हो. येत नाही. थंडीत तो ताप आला होता ना, त्यानंतर. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास आला नाही. मग एका दुपारी दूध तापत ठेवून मी खोलीत कपडे दुमडत बसले. दूध उतू गेलं, भांडं करपलं, शेजारचं फडकं पेटलं, भिंत काळी झाली, आणि मी पलीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालते आहे. बासरीवाल्या बाई दार ठोठावत आत आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "काय हो, एवढं काय झालं?" तो पिस्त्याचा हिरवा रंग म्हणजे त्या दुपारवरचा पडदा. वासावर वास टाकू नये म्हणून तुला शिकवलं आणि मी स्वतः भिंतीला तेच केलं.

लोकांना वाटतं, वास गेला म्हणजे फुलं गेली. फुलांचं मला काही नाही गं. गेलं ते निराळंच. उशीवर डोकं ठेवते तर ती माझी उशी आहे हे कळत नाही. कपाट उघडते तर ते कुणाचंही कपाट असतं. जेवण म्हणजे गरम आणि गार, खारट आणि आंबट, बस्स. आपल्याच घरात परक्यासारखं वाटतं.

आणि तुझं पत्र आलं, "आपल्या घरातलं नाक तू." तुला काय लिहू? जन्मभर त्याच नाकाने कांदे सोलले मी. तुला सांगितलं ते सगळं हातांच्या आठवणीतून सांगितलं. ते खोटं नव्हतं. खोटं फक्त त्या दोन पिशव्यांचं.

दादाला कळलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. तो मायेनेच करेल, पण मला उचलून नेईल. जिन्याखालची ती खोली, दादा-वहिनींची काळजी, वेळेवर औषध, वेळेवर झोप. चांगलंच आहे सगळं. पण मला माझी खिडकी हवी, माझी शेगडी हवी.

आता तुझ्या गालिच्याचं ऐक, ते महत्त्वाचं. पिशव्या उघडल्यावर मी सवयीने दोन्ही तुकड्यांवर अंगठा फिरवला होता. तंबाखूचा धूर बोटाला किंचित चिकट लागतो. हिरव्या दोऱ्यातला चिकट होता, लाल दोऱ्यातला मऊ आणि कोरडा. मला खटकलं होतं. पण तू लिहिलं होतंस हिरवा धुतलेला, म्हणून मी तुझ्या अक्षराचं ऐकलं, बोटाचं नाही. म्हणजे तुझा धुतलेला तुकडा खरोखरच स्वच्छ आहे. गालिच्यावर सगळीकडे अंगठा फिरव. जिथे अडेल तेवढाच भाग पुन्हा धू. मग खोली बंद करून रात्रभर त्यात ठेव आणि सकाळी बाहेरून येणाऱ्या कुणालातरी सरळ आत घे. पहिल्या श्वासाला माणूस खोटं बोलू शकत नाही.

दादाला सांगू नकोस. निदान आत्ता नको.

तुझी,
आत्या


८ मार्च

प्रिय आत्या,

झालं! उद्घाटन झालं, आणि मी अजून जिवंत आहे.

तू सांगितलंस तसा सगळ्या गालिच्यावर अंगठा फिरवला. वरच्या काठाला, जिथे तो दांडीवर अडकवायचा तिथे चिकट लागला. तेवढा पुन्हा धुतला. आदल्या दिवशी दवाखान्यात टांगला, खोली बंद केली. सकाळी पहिला माणूस म्हणून नवऱ्यालाच आत ढकलला. डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "रंगाचा वास येतोय. मेणाचा येतोय. बाकी काही नाही." मग म्हणाला, "आत्यांना लिही, बोट जिंकलं."

खरी परीक्षा पुढेच होती. पहिले पेशंट आले ते एक उंच, सुकलेले आजोबा. दारातच थबकले. हरणांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "ही आमच्या क्लबातली हरणं ना?" आत्या, ते त्याच गालिच्याखाली बसून पत्ते खेळायचे! डॉक्टरबाईंनी त्यांची सिगारेट बंद केल्याला थोडेच दिवस झालेत. ते हळूच भिंतीपाशी गेले, इकडेतिकडे बघितलं, आणि गालिच्यात नाक खुपसून असा दीर्घ श्वास घेतला की मला वाटलं हरीण आत जाणार. मग वळून अगदी पडेल आवाजात म्हणाले, "सगळं तेच आहे हो. फक्त मजा गेली."

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. ह्याहून मोठं प्रमाणपत्र मला कुणी देणार नाही.

आता दुसरं. नाव न घेता मी त्यांना तुझं सांगितलं. त्या म्हणाल्या, तापानंतर असं पुष्कळांना होतं. काहींचं परत येतं, हळूहळू, काहींचं थोडंच येतं. आधी नाकाच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि एक सराव असतो. रोज सकाळ-संध्याकाळ ओळखीच्या चार वस्तू एकेक करून हुंगायच्या, हुंगताना त्यांचा वास मनात आणायचा. येवो न येवो, सोडायचं नाही.

सोबत एक छोटं यंत्र पाठवते आहे. गॅस किंवा धूर झाला की ते बोंब ठोकतं. आवाज साधारण बाबांसारखा आहे.

आणि शेवटचं. त्या डॉक्टरबाईंच्या बहिणीचं वाचनालय आहे, तिथली बैठक करायची आहे. पुन्हा जुन्याच वस्तू. मला तू हवी आहेस. सल्ला द्यायला नाही, सोबत काम करायला. वास बघायला नवरा आहे. तुझे हात मात्र माझ्याकडे नाहीत.

बाबांना मी सांगणार नाही. पण तू सांगावंस असं मला वाटतं. ते रोज फोन लावतात, तू उचलत नाहीस आणि मग ते खिडकीत जाऊन उभे राहतात. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुझी,
चिमणी


२ एप्रिल

चिमणे,

ते खिडकीचं तू लिहायला नको होतंस. दोन दिवस काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन उचलला आणि दादाला सगळं सांगितलं. दूध, फडकं, भिंत, सगळं. त्याने ऐकून घेतलं. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. हातात भलीमोठी सूटकेस. उचलून बघितली तर रिकामी! म्हणाला, "तुझं सामान भर."

मी म्हटलं, "आधी बस. चहा घे."

तो सरळ स्वयंपाकघरात येऊन बसला. मी आधण ठेवलं, आणि तू पाठवलेलं यंत्र कुठे लावायचं ते त्याला दाखवत शिडीपाशी उभी राहिले. त्याने खिळा ठोकला, यंत्र लावलं, मग ते बरोबर वाजतं का म्हणून खाली काडी पेटवून धरली. जी बोंब उठली म्हणतेस! बासरीवाल्या बाई बासरी हातात घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं पुन्हा आग. दादा शिडीवर, कानांवर हात, आणि तो ओरडतोय, "बंद कसं करायचं? बंद कसं करायचं?" बाईंनी बासरीच्या टोकाने बटण दाबलं.

ह्या गडबडीत चहा उकळून उकळून अर्धा झाला. मी तसाच गाळून दिला. बाई गेल्या. दादाने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"करपलाय," तो म्हणाला. "खरंच कळत नाही तुला?"

"नाही."

"काहीच?"

"गरम आहे एवढं कळतं."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला घेऊन गेला असतास."

"हो. गेलो असतो." त्याने सूटकेसकडे बघितलं. मग दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. मी म्हटलं, "अरे, टाकून दे, दुसरा करते." ऐकलं नाही. सगळा कप संपवला आणि स्वतः उठून विसळून ठेवला. आपल्या दादाने कप विसळला, चिमणे! आईला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

नाकाच्या डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला. त्यांनीही तुझ्या डॉक्टरबाईंसारखंच सांगितलं. चार वस्तू ठरवल्या आहेत. लवंग, लिंबू, कॉफी आणि अंगाचा साबण. दादा होता तोवर सकाळी मी डोळे मिटून बसायचे आणि तो एकेक नाकाखाली धरायचा. परीक्षेला बसवल्यासारखा चेहरा करून विचारायचा, "सांग, काय आहे?" मी म्हणायचे, "काही नाही." तो म्हणायचा, "लवंग आहे. मन लावून कर." अजून तरी काही आलेलं नाही. परवा लवंगेच्या वेळी नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं. वास नव्हता. पण काहीच नव्हतं असंही म्हणवत नाही.

तो पंधरा दिवस राहिला. काल गेला. मी दारापर्यंत गेले तर हात मोकळे. म्हटलं, "सूटकेस राहिली तुझी." तर बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे. पुढच्या महिन्यात येताना कपडे घेऊन येतो. दर खेपेला कुठे वाहत बसू?"

ती माझ्या कपाटाशेजारी उभी आहे. मी त्याच्या कपड्यांसाठी खालचा कप्पा रिकामा केला.

वाचनालयाच्या कामाला सोमवारच्या गाडीने येते. पुढे होऊन काही धुवायला घेऊ नकोस. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, आता सगळे दोरे मी बांधणार.

तुझी,
आत्या